पिढीच्या मध्यावर आलेले कन्सोल आणि आपल्याकडचे जुने गेम: नेमके काय सुधारते?

चांदणचूर

माझ्याकडे साधा प्लेस्टेशन ५ आहे आणि त्यावर जमवलेले वीसेक गेम आहेत. त्यांतले जवळपास निम्मे प्लेस्टेशन ४ च्या काळातले. त्याचीच जास्त ताकदीची आवृत्ती असलेला प्लेस्टेशन ५ प्रो घ्यावा की न घ्यावा हा विचार बरेच दिवस मनात घोळतो आहे, पण माझा प्रश्न यापुढे येणाऱ्या गेमविषयी नाही. जे गेम मी आधीच घेतले आहेत, ज्यांतले काही अर्धवट राहिले आहेत आणि काही पुन्हा पहिल्यापासून खेळायचे आहेत, त्यांच्या पदरात नव्या यंत्रामुळे काय पडते, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

तुलनेचे व्हिडिओ पुष्कळ पाहिले. त्यांत बहुतेक वेळा चित्र थांबवून आणि चारपट मोठे करून दाखवतात, आणि निवडलेले गेमही खास पॅच, म्हणजे निर्मात्यांनी नव्या यंत्रासाठी नंतर दिलेली सुधारणा, मिळालेलेच असतात. अधिकृत आकडे मला पाठ झाले आहेत: ग्राफिक्स चिपमध्ये ६७ टक्के जास्त कम्प्यूट युनिट (आकडेमोड करणारे भाग), २८ टक्के वेगवान मेमरी, ४५ टक्क्यांपर्यंत जलद रेंडरिंग (चित्र तयार करणे). यावरून माझा एखादा जुना गेम ४५ टक्के चांगला होईल असा अर्थ निघत नाही, हे मला कळते. पण मग कोणता अर्थ निघतो, ते कळत नाही.

मागच्या पिढीत प्लेस्टेशन ४ प्रो आणि एक्सबॉक्स वन एक्स असे दोन प्रयोग होऊन गेले आहेत. ज्यांनी ती यंत्रे वापरली, त्यांना तेव्हाच्या गेममध्ये काय फरक जाणवला, पॅच नसलेल्या गेमचे काय झाले आणि त्यातून आजच्या प्रोविषयी काही अंदाज बांधता येतो का, हे सविस्तर सांगितल्यास मी आभारी राहीन.

पाणकावळा

मी प्लेस्टेशन ४ प्रो २०१६ च्या शेवटी घेतला आणि चार वर्षे रोज वापरला, त्यामुळे त्या अनुभवावरून लिहितो. आपल्या संग्रहातल्या प्रत्येक गेमविषयी आधी एक गोष्ट तपासावी: हा गेम स्वतःच ठरवलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचतो का? गेम सेकंदाला ३० फ्रेमवर, म्हणजे ३० चित्रांवर, बांधलेला असेल आणि जुन्या यंत्रावरही ३० नीट देत असेल, तर नवे यंत्र कितीही ताकदीचे असले तरी ती ताकद वापरायला गेममध्ये वावच नसतो. उलट जो गेम ६० चे लक्ष्य ठेवून ४८ वर घसरतो, किंवा ३० चे लक्ष्य ठेवून २२ वर रेंगाळतो, त्याची तूट नवे यंत्र कोणत्याही पॅचविना भरून काढू शकते. माझ्या मते खरेदीचा निम्मा निर्णय एवढ्यावरच होतो.

याची दोन उदाहरणे माझ्या कायम लक्षात राहिली आहेत. २०१४ चा असॅसिन्स क्रीड युनिटी साध्या प्लेस्टेशन ४ वर ९००पी रिझोल्यूशनवर (म्हणजे चित्राची उंची ९०० पिक्सेल) चालत असे आणि पॅरिसच्या रस्त्यांवर जमाव दाटला की त्याचा वेग विशीच्या आसपास येत असे. त्या जमावाचा भार मुख्यतः प्रोसेसरवर होता. एक्सबॉक्स वनची ग्राफिक्स चिप दुबळी असूनही तिथे हा गेम थोडा बरा चालत असे, कारण तिथला प्रोसेसर १.७५ गिगाहर्ट्झचा होता आणि प्लेस्टेशनचा १.६ चा. प्रोवर हाच आकडा २.१३ झाला. गेमला प्रोसाठी वेगळा पॅच मिळालेला नसतानाही तो ३० च्या जवळ टिकू लागला. त्याच गल्ल्या, तोच जमाव, चित्रही तेवढेच मऊ; पण कॅमेरा फिरवताना हाताला येणारा जडपणा गेला.

दुसरे उदाहरण २०१५ च्या ब्लडबॉर्नचे. हा गेम १०८०पी आणि ३० फ्रेमवर बांधलेला आहे, आणि त्याचा खरा दोष फ्रेमच्या लयीत आहे. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, पडद्यावर ३० फ्रेम दाखवायच्या म्हणजे प्रत्येक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद, म्हणजे पडद्याचे दोन ठोके, टिकायला हवी. ब्लडबॉर्नमध्ये मधूनच एखादी फ्रेम एक ठोका टिकते आणि पुढची तीन. सरासरी मोजली तर ३० च भरते, पण गेममधल्या यारनम शहराच्या दगडी रस्त्यावर उभे राहून कॅमेरा सावकाश फिरवला की घरांच्या कडा पावलापावलाने सरकतात. प्रोवर जिथे वेग घसरत होता तिथे थोडा टेकू मिळाला, मात्र लय होती तशीच राहिली, कारण ती गेमच्या आत ठरवलेली आहे. या गेमला प्रोचा पॅच आलाच नाही. माझा सर्वांत आवडता गेम हाच असल्यामुळे मला त्याचे मनापासून वाईट वाटले होते आणि आजही वाटते.

पॅच नसलेल्या गेमविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. प्रो बाजारात आला तेव्हा असे गेम चालवताना तो ग्राफिक्स चिपचा अर्धा भाग बंदच ठेवत असे आणि वेगही मूळ यंत्राच्या जवळ आणत असे. कन्सोलचे गेम एका ठरावीक यंत्राच्या वेळापत्रकावर बेतून लिहिलेले असतात. एखादे काम अपेक्षेपेक्षा लवकर संपले तर दुसरे काम चुकीच्या क्षणी सुरू होऊन गेम कोलमडू शकतो. म्हणून आधी सावधगिरी आणि मग मार्च २०१७ च्या ४.५० सिस्टिम अपडेटमध्ये बूस्ट मोड, म्हणजे अशा गेमनाही प्रोचा वाढीव वेग वापरू देणारी सोय, असा क्रम झाला. वर युनिटीविषयी जे लिहिले, ते या मोडमुळे शक्य झाले. म्हणजे यंत्र घेतले त्या दिवशी जो फायदा नव्हता, तो चार महिन्यांनी मिळाला.

रिझोल्यूशनचे गणित वेगळे आहे. १०८०पी मध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात आणि ४के मध्ये सुमारे ८२.९ लाख, म्हणजे बरोबर चौपट. प्लेस्टेशन ४ ची ग्राफिक्स चिप १.८४ टेराफ्लॉपची (सेकंदाला किती लाख कोटी आकडेमोडी होतात याचे माप) होती आणि प्रोची ४.२ ची, म्हणजे सव्वादोन पटीच्या आसपास. मेमरीचा वेग तर १७६ वरून २१८ गिगाबाइट प्रतिसेकंद एवढाच वाढला. चौपट काम सव्वादोन पट ताकदीत करायचे, म्हणून चेकरबोर्ड पद्धत आली: बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक घरे प्रत्यक्ष काढायची आणि उरलेली मागच्या फ्रेमच्या आधाराने भरायची. काही गेममध्ये हे फार सुरेख जमले. २०१८ च्या रेड डेड रिडेम्पशन २ मध्ये मात्र माझ्या डोळ्यांना ते रुचले नाही. प्रोवर तो गेम १९२० बाय २१६० एवढे चित्र काढून ४के पर्यंत ताणत असे, आणि घोड्याची आयाळ, दाढीचे केस, दूरच्या झाडांची पाने अशा बारीक गोष्टींवर एक धूसर, ठिपक्याठिपक्यांची कड येत असे. पडदा मोठा असेल तर ती कड सतत डोळ्यांत खुपते.

दिवेलागण

पाणकावळा यांच्या मताशी मी बरीचशी सहमत आहे, पण त्यांनी लिहिलेले चित्र एकाच यंत्राचे आहे. एक्सबॉक्स वन एक्स २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि त्याची झेप फार मोठी होती: १.३१ टेराफ्लॉपवरून ६, आणि ८ गिगाबाइट डीडीआर३ मेमरीच्या जागी १२ गिगाबाइट जीडीडीआर५, ३२६ गिगाबाइट प्रतिसेकंद वेगाची. त्यामुळे त्यांनी ज्या रेड डेड २ चे उदाहरण दिले, तोच गेम साध्या एक्सबॉक्स वनवर ८६४पी होता आणि वन एक्सवर पूर्ण ४के. चेकरबोर्डचा आधार घ्यावा लागला नाही. त्या गेमपुरते बोलायचे तर साध्या यंत्रावरून वन एक्सवर येणे म्हणजे धुरकट काच पुसून बाहेर पाहण्यासारखे होते.

पॅच नसलेल्या गेमनाही तिथे काही गोष्टी आपोआप मिळत. ज्या गेममध्ये भार वाढला की रिझोल्यूशन खाली येते, ते गेम वरच्या टोकाला टिकून राहत. शिवाय जमिनीसारख्या तिरप्या पृष्ठभागावरचे टेक्श्चर (त्यावर चढवलेले चित्र) दूरवर स्पष्ट ठेवणारे फिल्टरिंग यंत्र स्वतःच वाढवत असे. रस्त्यावरचे दगड चार पावलांच्या पुढे मातकट दिसण्याऐवजी गल्लीच्या टोकापर्यंत दगड म्हणून ओळखू येत. थांबवलेल्या चित्रात ही सुधारणा किरकोळ वाटते, पण धावताना तिचाच परिणाम सर्वांत जास्त जाणवतो.

मला सर्वांत मोलाची वाटलेली सुधारणा मात्र एक्सबॉक्स ३६० च्या निवडक गेमची आहे. मूळचे १२८० बाय ७२० चे चित्र वन एक्सवर ३८४० बाय २१६० काढले जाई, म्हणजे बरोबर नऊपट पिक्सेल, आणि त्यासाठी मूळ गेमच्या कोडला हात लावावा लागत नसे. मधला एम्युलेशनचा थर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर, ते काम करी. पहिला रेड डेड रिडेम्पशन मी अशा रीतीने पुन्हा खेळले. वाळवंटातल्या तारांच्या कुंपणाच्या तारा मला पहिल्यांदा अखंड दिसल्या. आधी त्या तुटक रेघांसारख्या थरथरत असत. गेमचा वेग मात्र ३० च राहिला, कारण तो गेमनेच बांधलेला होता. इथे पाणकावळा यांचे म्हणणे तंतोतंत लागू पडते, पण मला त्यात एक भर घालावीशी वाटते: रिझोल्यूशनची मर्यादा बाहेरून ओलांडता येते, वेगाची मर्यादा बाहेरून ओलांडणे फार अवघड असते. गेमचे भौतिक नियम, शत्रूंच्या हालचाली, कधी कधी शस्त्राची झीजसुद्धा फ्रेमच्या मोजणीला बांधलेली असते.

प्रोसेसरच्या बाबतीत मात्र वन एक्सलाही फारसे काही साधले नाही. १.७५ चे २.३ गिगाहर्ट्झ झाले, म्हणजे तीस टक्क्यांच्या आसपास वाढ. म्हणूनच त्या पिढीतल्या दोन्ही मधल्या यंत्रांनी ३० चे गेम सहसा ६० केले नाहीत. मॉन्स्टर हंटर वर्ल्डमध्ये वेगाला प्राधान्य देणारा मोड होता, पण प्लेस्टेशन ४ प्रोवर तो ६० पर्यंत पोहोचत नसे.

उंबरठा

मी प्लेस्टेशन ५ प्रो तो आला त्या महिन्यापासून, म्हणजे नोव्हेंबर २०२४ पासून, वापरतो आहे. मूळ प्रश्न याच यंत्राचा असल्यामुळे मला जे दिसले ते लिहितो.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक फायनल फॅन्टसी ७ रीबर्थमध्ये पडला. साध्या प्लेस्टेशन ५ वर त्यात दोन मोड होते: ३० फ्रेमचा स्वच्छ आणि ६० फ्रेमचा धूसर. ६० च्या मोडमध्ये गवताळ मैदानातून जाताना पात्याला पाते चिकटून हिरवा लगदा झाल्यासारखे दिसे, आणि नायक क्लाउडच्या केसांची टोके पार्श्वभूमीत विरघळत. प्रोच्या पॅचने ६० फ्रेम कायम ठेवून पीएसएसआर या मशिन लर्निंगवर आधारित पद्धतीने चित्र वर नेले. मी तेच मैदान, तीच वाट पुन्हा चालून पाहिली. गवत गवतासारखे दिसले आणि वाऱ्याने हललेले पाते डोळ्यांनी धरता आले. या एका गेमसाठी मी समाधानी आहे, हे मनापासून सांगतो.

पण हीच पद्धत सगळीकडे सारखी लागू पडत नाही. सायलेंट हिल २ आणि स्टार वॉर्स जेडाय: सर्व्हायव्हर या दोन गेममध्ये सुरुवातीला पीएसएसआरमुळे पाणी, पाने आणि सावल्या लुकलुकत होत्या. कमी रिझोल्यूशनच्या चित्रातला गोंगाट ही पद्धत कधी तपशील समजते आणि तोच ठळक करते. त्यामुळे पॅच आला म्हणजे चित्र सुधारलेच असे गृहीत धरू नये, गेमगणिक पाहावे.

पॅच नसलेल्यांत एल्डन रिंगचे उदाहरण तुम्हाला उपयोगी पडेल. प्लेस्टेशन ५ च्या आवृत्तीत वेग मोकळा सोडलेला आहे आणि साध्या यंत्रावर तो ४५ ते ६० मध्ये हेलकावे खातो. प्रोवर वेगाच्या मोडमध्ये तो काहीही न करता ६० च्या बराच जवळ राहतो. मात्र प्रो न घेताही याच्यावर एक उपाय आहे: त्याच गेमची प्लेस्टेशन ४ ची आवृत्ती साध्या प्लेस्टेशन ५ वर चालवली, तर ती जवळजवळ सतत ६० देते, कारण तिचे गवत, सावल्या आणि रिझोल्यूशन कमी भाराचे आहेत. फक्त प्लेस्टेशन ४ चा सेव्ह, म्हणजे गेममधली साठवलेली प्रगती, प्लेस्टेशन ५ च्या आवृत्तीत नेता येतो, उलट नेता येत नाही, हे लक्षात ठेवून सुरुवात करावी.

तुमच्याकडे व्हीआरआर (गेमच्या वेगानुसार पडद्याचा ठोका बदलण्याची सोय) असलेला टीव्ही आहे का, तेही कळवा. प्लेस्टेशन ५ ला ही सोय एप्रिल २०२२ च्या अपडेटपासून आहे आणि ती ४८ ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात काम करते. गेम ५० ते ६० मध्ये हलत असेल तर ती घसरण व्हीआरआर एवढी झाकते की प्रोचा फायदा जाणवेनासा होतो.

चांदणचूर

आपल्या तिघांच्याही उत्तरांनी माझ्या विचारांना दिशा मिळाली. टीव्हीला व्हीआरआर आहे, आणि पडद्यावर चालू वेगाचा आकडा दाखवण्याची सोयही त्यात आहे.

माझ्या यादीत ड्रॅगन्स डॉग्मा २ आहे. रानात तो ठीक चालतो, पण व्हर्नवर्थ शहराच्या बाजारात शिरलो की आकडा ३० च्या घरात येतो, म्हणजे व्हीआरआरच्या पट्ट्याबाहेर. हा भार प्रोसेसरचा आहे की ग्राफिक्सचा, हे घरबसल्या ओळखण्याची काही रीत आहे का?

पाणकावळा

एक साधी रीत आहे. बाजाराच्या मध्यभागी उभे राहून आकडा पाहा. मग जवळच्या भिंतीला नाक लागेल इतके पुढे जा आणि कॅमेरा असा फिरवा की पडद्यावर फक्त भिंत उरेल. काढायचे चित्र जवळजवळ शून्यावर येते, पण मागे बाजार चालूच असतो. आकडा झपकन वर गेला तर अडचण ग्राफिक्सची. फारसा हलला नाही तर प्रोसेसरची. या गेमविषयी तर त्याच्या निर्मात्यांनीच २०२४ मध्ये सांगितले होते की प्रत्येक पात्रासाठी प्रोसेसरचा बराच वाटा खर्ची पडतो.

आणि प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये प्रोसेसर तोच आहे. साध्या यंत्रात तो ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, प्रोमध्ये गेमने मागितल्यास ३.८५ पर्यंत, म्हणजे दहा टक्के. ३५ चे ३८ झाले तर त्या बाजारात तुम्हाला कोणताही फरक जाणवणार नाही.

दिवेलागण

भिंतीची रीत चांगली आहे, परंतु तिच्या निकालावर पूर्ण विसंबू नये. पडद्याबाहेर गेलेल्या पात्रांच्या हालचाली बरेच गेम ढोबळपणे मोजतात किंवा थांबवतात, आणि कोणती वस्तू काढायची याच्या सूचना तयार करणे हेही प्रोसेसरचेच काम आहे. तेही भिंतीसमोर कमी होते. म्हणून आकडा वर गेला तरी दोष ग्राफिक्सचाच आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. आकडा हलला नाही, तर मात्र प्रोसेसरकडे बोट दाखवायला हरकत नाही.

ज्या गेममध्ये दोन मोड आहेत, तिथे याहून भरवशाची चाचणी करता येते. त्याच जागी उभे राहून कमी रिझोल्यूशनचा मोड लावावा. रिझोल्यूशन उतरूनही वेग तेवढाच खाली राहिला, तर ग्राफिक्स चिप कितीही मोठी केली तरी तिथे काही साधणार नाही. दोन्ही मोडमधली फ्रेमची मर्यादा वेगळी नाही ना, तेवढे आधी पाहावे, नाहीतर तुलना फसते.

चांदणचूर

काल रात्री दोन तास याच कामाला दिले. व्हर्नवर्थच्या बाजारात आकडा ३४ ते ३७ होता; भिंतीसमोर तो ३९ झाला आणि तिथेच थांबला. रीबर्थमध्ये उंबरठा यांनी सांगितलेले मैदान ६० च्या मोडमध्ये पुन्हा पाहिले, आणि इतके दिवस ज्याला मी टीव्हीचा दोष समजत होतो तो लगदा मलाही स्वच्छ दिसला. यादीतल्या प्रत्येक गेमसमोर आता मी दोन रकाने केले आहेत: तो कुठे अडतो, आणि त्याला पॅच आहे का. वीसपैकी सहा गेम असे निघाले की त्यांचा अडसर ग्राफिक्सचा आहे आणि त्यांना पॅचही आहे. त्या सहांतले चार मला पुन्हा खेळायचे आहेत.

एक शंका उरली. प्लेस्टेशन ४ च्या ज्या गेमना पुढे कधीही पॅच येणार नाही, त्यांचा वेग कायमचा ३० च मानायचा का?

उंबरठा

बहुतेकांचा तसाच मानावा. प्रोमध्ये प्लेस्टेशन ४ च्या गेमचे चित्र सुधारण्याची एक सोय सेटिंगमध्ये दिली आहे, ती जरूर चालू करून पाहा, पण तिचा वेगाशी संबंध नाही.

एक अपवाद तुमच्या उपयोगाचा असू शकेल, आणि त्याला प्रोही लागत नाही. द लास्ट गार्डियन डिस्कवर असेल, तर तो कोणतेही अपडेट न घेता, म्हणजे डिस्कवरच्या १.०० आवृत्तीतच, साध्या प्लेस्टेशन ५ वर चालवावा. त्या आवृत्तीत वेग बांधलेला नाही, त्यामुळे तो ६० पर्यंत जातो. नंतरच्या अपडेटने तो ३० वर बांधला. असॅसिन्स क्रीड युनिटीचेही डिस्कवर असेच आहे, फक्त त्याच्या पहिल्या आवृत्तीत इतर चुका पुष्कळ आहेत. आधीपासून गेम बसवलेला असेल तर तो काढून, इंटरनेट बंद ठेवून, डिस्कवरून पुन्हा बसवावा लागेल. त्यापूर्वी सेव्हची प्रत वेगळी ठेवावी, कारण नव्या आवृत्तीतला सेव्ह जुन्या आवृत्तीत उघडेलच असे नाही.